फोटोच्या कडेला बोटं

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही. पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

हे माझ्या सख्ख्या वहिनीच्या बाबतीत घडलंय. आम्ही एकाच घरात राहतो. तिच्या तोंडून मी हे तीनदा ऐकलं, आणि तिन्ही वेळा शब्दाचाही फरक नव्हता. थापा मारणारा माणूस कुठेतरी घसरतोच.

आणि हो, हे रात्री-बेरात्री घडलेलं नाही.

मंगळवार होता. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. बाहेर लख्ख ऊन.

जागा म्हणजे जनावरांच्या दवाखान्याचा तळमजला. मागच्या बाजूला एक्स-रेची खोली आणि तिला लागून एक बिनखिडकीची लहान खोली. त्या खोलीत वहिनी बसायची.

वहिनी जनावरांची डॉक्टर. पण सुया टोचणं, टाके घालणं हे तिचं काम नव्हतं. ती एक्स-रे वाचायची. त्यातही छातीचे. कुत्रा खोकतोय, मांजर धापा टाकतंय, की काढला फोटो आणि पाठवला वहिनीच्या पडद्यावर. ती दिवा मालवून, नाक पडद्याला लागेल इतकी पुढे वाकून बसायची आणि आत काय बिघडलंय ते सांगायची. गावभरचे दवाखाने तिच्याकडे फोटो पाठवायचे.

घरी रंगात आली की आम्हालाही समजवायची.

"फुफ्फुस म्हणजे हवा, भाऊजी. हवा काळी दिसते. पांढरं दिसलं की समजायचं, हवेच्या जागेवर दुसरंच कुणीतरी ठाण मांडून बसलंय. मग ते पांढरं कसं आहे ते बघायचं. ढगासारखं असेल आणि त्यात काळ्या फांद्या फुटल्या असतील, तर पाणी नाहीतर पू. जोडीजोडीने जाणाऱ्या रेघा असतील, रेल्वेच्या रुळांसारख्या, तर श्वासनळ्या सुजल्यात."

"आणि गोल चेंडू दिसले तर?" दादाने एकदा विचारलं. दादा म्हणजे माझा भाऊ, तिचा नवरा.

"चेंडू म्हणजे बहुतेक कॅन्सर. ते दिसले की मी आधी उठून पाणी पिऊन येते," वहिनी म्हणाली. "मग लिहायला बसते."

पण या सगळ्यात एक मेख असते. फोटो पूर्ण श्वास भरलेला असतानाच काढावा लागतो. श्वास सोडताना काढला, तर धडधाकट फुफ्फुसंही पांढुरकी, आजारी दिसतात. आता कुत्र्याला कोण सांगणार, बाबा रे, श्वास रोखून धर?

त्यासाठी पकडकाका होते.

खरं नाव असेल काहीतरी. पण दवाखान्यात सगळे पकडकाकाच म्हणायचे. अंगाने काटकुळे, हात मात्र सुपाएवढे. एकोणीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. टेबलावर जनावर धरायचं, त्याच्या बरगड्यांकडे डोळ्यांत तेल घालून बघायचं, आणि छाती पूर्ण भरली की हळू आवाजात म्हणायचं...

"आता..."

त्या क्षणी बाहेरून बटण दाबलं जायचं. काकांचा 'आता' कधी चुकला नाही. अंगावर धावून येणारी कुत्रीही त्यांचा हात पाठीवर पडला की गप्प व्हायची.

"माझ्या हातात वाघ दिलात तरी तो आधी जांभई देईल," काका म्हणायचे.

नियमाप्रमाणे फोटो काढताना खोलीत माणूस नसावा. थांबावंच लागलं तर शिशाचा जाड कोट हवा, शिशाचे हातमोजे हवेत. दवाखान्यात एकच जोड होता. तोही भेगाळलेला.

नवे मोजे मागितले तेव्हा मोठे सर हसले होते. मोठे सर म्हणजे दवाखान्याचे मालक.

"अरे, पापणी लवते तेवढ्या वेळाचं काम! मोजे घालायला तू काय गोलकीपर आहेस?"

सगळे हसले. काकाही हसले.

वहिनीही हसली होती. हे ती दर वेळी सांगते. "मीही हसले होते, भाऊजी."

त्यामुळे जवळजवळ प्रत्येक फोटोच्या कडेला काकांची बोटं यायची. पांढरी, बारीक हाडं. वहिनीला त्यांची इतकी सवय झाली होती की ती त्याला काकांची सही म्हणायची.

मग काकांच्या डाव्या हाताच्या अनामिकेचं नख काळं पडलं. जखम झाली. ती भरेना. शेवटी बोट कापावं लागलं.

त्यानंतर फोटोंवर नऊच बोटं येऊ लागली.

आणि काकांना खोकला लागला.

एका दुपारी ते वहिनीच्या खोलीत आले. हातात खाकी पाकीट. माणसांच्या इस्पितळात काढलेला त्यांच्या स्वतःच्या छातीचा फोटो.

"तिथले डॉक्टर घाईत होते, मॅडम. तुम्ही जरा सावकाश सांगा."

वहिनीने फोटो उजेडावर लावला.

चेंडू... दोन्ही बाजूंना. मोजता येणार नाहीत इतके.

ती उठली आणि पाणी प्यायला गेली. परत आली तेव्हा काका पाकिटाची घडी घालत होते.

"म्हणजे तसंच आहे तर," ते म्हणाले. एकोणीस वर्षं तिच्या शेजारी काम केलेला माणूस. त्यांना तिचं पाणी पिणं ठाऊक होतं.

जाताना त्यांनी एकच गोष्ट मागितली.

"एवढं लिहून द्या, मॅडम. हे काम मी केलं. एकोणीस वर्षं, या हातांनी. दुसरं काही नको."

वहिनी मोठ्या सरांकडे गेली. सरांना आधीच कुणकुण लागली होती. काकांच्या बायकोने, काकूंनी, सरकारी खात्याकडे तक्रार केली होती. आठवड्याभरात तपासनीस येणार होते.

सरांनी सरळ हात वर केले.

"आपल्याकडे कुणी जनावर धरत नाही. तो माणूस झाडलोट करायचा."

"सर, फोटोंवर त्यांची बोटं आहेत."

सरांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, "मग नसू देत."

वहिनीला एक्स-रे वाचायला सरांनीच शिकवलं होतं. त्यांच्यापुढे तिची जीभ कधी उचललीच गेली नाही. तेव्हाही नाही.

तीन दिवस ती कडा कापत होती. अलीकडचे फोटो संगणकावर. जुन्या फिल्मा कात्रीने. कापलेल्या पट्ट्या काळ्या पिशवीत जात होत्या. पिशवी हलली की आतल्या पट्ट्या सळसळायच्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने कागदावर सही केली. या खोलीत माणूस कधीही जनावर धरत नाही.

तपासनीस आले, बघून गेले. काकांच्या घरी पत्र गेलं. त्यात लिहिलं होतं, झाडलोट कामगार.

पत्र मिळाल्यानंतर अकराव्या दिवशी काका गेले.

वहिनी भेटायला गेली नाही. कुठल्या तोंडाने जाणार होती?

सहा महिने असेच गेले.

आणि मग तो मंगळवार आला.

आता सगळं नियमाने चालत होतं. जनावराला गुंगीचं औषध द्यायचं, वाळूच्या पिशव्या लावून टेबलावर झोपवायचं, आणि सगळ्यांनी बाहेर यायचं. बटण दाबायला नवी टेक्निशियन बाई होती. दोन मुलांची आई, बोलकी, कामाला चोख.

तीन वाजून दहा मिनिटांनी एका म्हाताऱ्या तपकिरी कुत्र्याचा फोटो वहिनीच्या पडद्यावर आला. पंधरा दिवसांचा खोकला होता त्याला.

वहिनी वाचू लागली. हृदय ठीक. डावं फुफ्फुस, खालचा भाग... लांबट पांढऱ्या रेघा. जोडीने जाणाऱ्या.

रूळ. म्हणजे श्वासनळ्या सुजल्यात. तिने तसं लिहायलाही घेतलं.

मग तिचा हात थांबला.

पण श्वासनळ्यांना सांधे नसतात...

तिने फोटो मोठा केला. करंगळी. मधे रिकामी जागा. मग मधलं बोट. तर्जनी. अंगठा.

वहिनी सांगते, तेव्हा तिला भीती वाटली नाही. आधी वाटलं की कुणीतरी नियम मोडला. तिने भिंतीवरच्या स्पीकरचं बटण दाबलं.

"आत कोण होतं?"

"कोणी नाही, मॅडम. मी बाहेरच आहे की." टेक्निशियन बाईंचा आवाज आला. "पण तुम्ही सांगितलंत ते बरं झालं. श्वास अगदी पूर्ण भरलेला मिळाला."

"मी काय सांगितलं?"

"आता म्हणालात ना तुम्ही? या स्पीकरवरून?"

वहिनीने बटणावरचं बोट काढून घेतलं.



दुसऱ्या दिवशी मांजर. पुन्हा बोटं. तिसऱ्या दिवशी ससा. बोटांच्या मागे तळहात. शुक्रवारी मनगट. हात रोज थोडा थोडा आत सरकत होता.

आणि फोटो मात्र एकापेक्षा एक सरस. एकही फसलेला नाही. काका असताना येत तसे.

आणखी एक गोष्ट होती. त्या खोलीत आता कुणी भुंकत नव्हतं. बाहेर बाकावर आकाशपाताळ एक करणारी कुत्री दारातून आत गेली की चिडीचूप. शनिवारी एका मोठ्या काळ्या कुत्र्याला गुंगी नीट चढली नव्हती. बाई घाबरून बाहेर आल्या. काचेतून बघतात, तर तो आपणहून टेबलावर कुशीवर निजला होता. शेपटी टेबलावर आपटत होता. कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखी.

"मॅडम," बाई नंतर म्हणाल्या, "त्याच्या पाठीवरचे केस दबले होते. कुणी तळवा ठेवावा तसे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. सोमवारपासून मी येणार नाही."

त्या आल्याही नाहीत.

शनिवारीच वहिनीने त्या काळ्या कुत्र्याच्या फोटोची कड कापली. सवयच होती म्हणा ना. कापलेला फोटो मालकाच्या नेहमीच्या डॉक्टरकडे पाठवला. पाच मिनिटांत त्याचा फोन.

"मॅडम, छातीवर हात कुणाचा आलाय?"

 तिने संगणकावरचे जुने फोटो उघडले. सहा महिन्यांपूर्वी तिने स्वतः कापलेले.

प्रत्येक फोटोवर बोटं होती.

ती उठून फिल्मांच्या कपाटाकडे गेली. पहिलं पाकीट उघडलं. दुसरं. तिसरं... सगळ्या फिल्मा अखंड. तिने कडेवरून अंगठा फिरवला. गुळगुळीत. कात्री लागल्याची खूणसुद्धा नाही.

तिने मोठ्या सरांना बोलावलं. सर आठवडाभर हसत होते. 'फोटो उमटतो त्या प्लेटवर राहिलेली जुनी सावली आहे,' म्हणत होते. नवी प्लेटही बसवून झाली होती. पण त्यातली एक अखंड फिल्म हातात घेतल्यावर त्यांचं हसू मावळलं.

"उद्या रविवार आहे. दवाखाना बंद," ते म्हणाले. "सगळं जाळून टाकू. तू ये."

आणि वहिनी गेली. एवढं होऊनही गेली!

सकाळचे अकरा वाजले होते. सर आपल्या कुत्रीला घेऊन आले होते. चौदा वर्षांची म्हातारी, सरांचा जीव की प्राण. दोन दिवस खोकत होती.

"आधी हिचा फोटो काढू. मग ते काम."

"सर, या मशीनवर नको."

"गुंगी दिली तर हिचं हृदय बंद पडेल. मी स्वतः धरतो."

सरांनी स्वतःसाठी घेतलेला नवा कोरा शिशाचा कोट घातला. नवे कोरे हातमोजे चढवले. कुत्रीला टेबलावर घेतलं. वहिनी बाहेर, जाड काचेमागे, बटणापाशी उभी राहिली.

सर कुत्रीच्या बरगड्यांकडे बघत होते. तोंड मिटलेलं.

स्पीकरमधून आवाज आला.

"आता..."

वहिनीने बटणाला हात लावला नव्हता. तरीही मशीन खटकलं.

समोरच्या पडद्यावर फोटो उमटला. कुत्रीची फुफ्फुसं स्वच्छ काळी. दोन्ही बाजूंना सरांचे हातमोजे, दोन पांढरे ठिपके, कारण शिशातून आरपार काही दिसत नाही.

आणि त्या पांढऱ्यावर... नऊ बोटांची हाडं. सरांच्या दोन्ही मनगटांभोवती आवळलेली.

"अगं, आत कोण आलंय?" सर ओरडले. "हात सोडायला सांग!"

कुत्री उठून बसली. सरांच्या खांद्याच्या वरच्या बाजूला कुठेतरी बघून तिने शेपटी हलवली. मग टेबलावरून सावकाश खाली उतरली आणि दारापाशी जाऊन शहाण्यासारखी बसली. कुणीतरी सांगितल्यासारखी.

टेबलावर आता फक्त सरांचे हात होते.

डावा मोजा निघू लागला. हळूहळू, बोटाबोटाने. तो खाली पडला. मग उजवा.

"आता..."

खट्.

"आता..."

खट्.

वहिनीने मशीन बंद केलं. टेबलावरचा मशीनचा दिवा गेला नाही. तिने धावत जाऊन मुख्य स्विच पाडला. पॅसेजमधले दिवे गेले, पंखा थांबला. एक्स-रेच्या खोलीतला दिवा तेवढा जळत राहिला. सरांच्या उघड्या हातांवर.

"आता..."

खट्.

तिने दार ओढलं. उघडेना.

"लिहून देतो!" आतून सर हंबरडा फोडत होते. "तूच धरायचास, लिहून देतो! सही करतो! सोड!"

आवाज थांबला नाही. घाई नव्हती त्याला, की राग नव्हता. दोन 'आता'च्या मधे एका श्वासाएवढं अंतर असायचं. पूर्ण भरलेल्या श्वासाएवढं.

"काका, सोडा त्यांना!" वहिनी दारावर हात आपटत म्हणाली. "काका, माझ्यासाठी सोडा!"

तेव्हा थांबला.

सगळं शांत झालं. आणि स्पीकरमधून कुणीतरी एक लांब, खोल श्वास आत घेतल्याचा आवाज आला...

तो श्वास बाहेर सोडलेला तिला ऐकू आला नाही.

दार आपोआप उघडलं.

सर जमिनीवर बसले होते. दोन्ही मनगटांवर निळे वळ. उजव्या मनगटावर पाच. डाव्यावर चार. कुत्री त्यांचं तोंड चाटत होती.

वीज बंद होती. तरी पडद्यावर फोटो होते. एकोणीस. पहिला कुत्रीचा. पुढचे सतरा सरांच्या हातांचे.

एकोणिसावा हाताचा नव्हता.

माणसाची छाती होती. अरुंद बरगड्या, बाईची असावी तशी. गळ्यापाशी एक बारीक साखळी आणि तिच्यात पानाच्या आकाराचं पदक.

वहिनीचा हात आपसूक स्वतःच्या गळ्याकडे गेला.

ती काचेमागे उभी होती. शिशाच्या भिंतीआड. तिथवर किरण पोचतच नाहीत.

फुफ्फुसं मात्र निर्मळ होती. काळीभोर. कुठे ठिपकासुद्धा नाही.

"तुझी आहेत म्हणून घाबरलीस?" दादाने तिला नंतर विचारलं. "पण स्वच्छ होती ना?"

"तेच तर," वहिनी म्हणाली. "आजार वाढतोय का, हे कसं ओळखतात ठाऊक आहे? आधी एक स्वच्छ फोटो काढून ठेवावा लागतो. पुढच्या फोटोशी ताडून बघायला."

त्या दिवशी फिल्मा जळल्या नाहीत. सोमवारी सकाळी वहिनीने सगळ्या फिल्मा गाडीत घातल्या आणि सरकारी खात्यात नेऊन दिल्या. सोबत स्वतःच्या हाताने लिहिलेला चार पानी जबाब. कडा कुणी कापल्या, कुणी कापायला सांगितलं, सही कुणाची. काही लपवलं नाही. एक्स-रेची खोली त्याच आठवड्यात सील झाली.

सरांच्या डाव्या हाताचं नख सव्वा महिन्यात काळं पडलं.

डॉक्टर चक्रावले. अठरा-एकोणीस फोटोंनी असं होत नाही म्हणाले. व्हायचंच तर वर्षं लागतात. पण जखम कुणाचं ऐकत नव्हती. आधी अनामिका कापली. मग शेजारची दोन. मग मनगटापासून हात. आता उजव्या हाताचं सुरू झालंय. सरांशी हात मिळवायला कुणी पुढे येत नाही आणि ते कुणाला तोंड दाखवत नाहीत. घरात म्हणे ते श्वाससुद्धा अर्धाच घेतात. पूर्ण भरला की दचकतात.

खात्याचं नवं पत्र आलं, तेव्हा त्याची नक्कल घेऊन वहिनी काकूंकडे गेली. दोन खोल्यांचं स्वच्छ घर. काकूंनी दारातच कागद घेतला आणि उभ्याने वाचला. एकोणीस वर्षं, एक्स-रे खोलीत जनावरं धरण्याचं काम.

त्यांनी कागदाची घडी घातली.

"काकू, मला माफ करा," वहिनी म्हणाली. "आता तरी काकांना..."

"ते कधी रागावलेच नव्हते," काकू म्हणाल्या. "उभ्या जन्मात त्यांनी मुंगीवर पाय दिला नाही. ते पत्र वाचूनसुद्धा मला म्हणाले, जाऊ दे गं, सोडून दे."

"मग हे सगळं..."

"मी नाही सोडलं." काकूंचा आवाज अगदी साधा होता. भाजीचा भाव सांगावा तसा. "रोज सकाळी उठून त्यांना सांगत होते. तुमचा जन्म धरण्यात गेला. आता यांना धरा. सोडू नका."



"काकू, झालं ना सगळं. त्यांना सोडायला सांगा."

काकूंनी दाराला हात घातला. 

"मी दोन नावं सांगितली होती," त्या म्हणाल्या. "अजून एकच झालंय."

आणि त्यांनी दार लावून घेतलं.

याला आता सात महिने झाले. वहिनी त्यानंतर दोनदा काकूंकडे जाऊन आली. दोन्ही वेळा दार उघडलं नाही. आत माणूस होतं, भांडी वाजत होती, तरीही. तिने एक्स-रेचं काम सोडलंय. घरीच असते. दोन-चार विद्यार्थ्यांना शिकवते.

सहा आठवड्यांपासून तिला खोकला आहे. कोरडा. दिवसा कमी, बोलताना जास्त.

दादा म्हणतो, धूळ असेल, हवा बदलली असेल. डॉक्टरांनी दोन औषधं बदलून पाहिली. गेल्या शुक्रवारी ते म्हणाले, एकदा छातीचा फोटो काढून घ्या, म्हणजे शंका नको.

दादाने येत्या गुरुवारची साडेदहाची वेळ घेतली होती. त्याला रजा नाही, म्हणून सोबत मी जायचं ठरलं.

आज दुपारी वहिनी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"भाऊजी, गुरुवारी नको. थोडे दिवस जाऊ देत."

का, म्हणून मी विचारलं नाही. फोन केला आणि वेळ रद्द केली.

दादाला अजून सांगितलेलं नाही. तो चिडेल. काळजी असती तर उशीर केला नसतास, म्हणेल. त्याचं बरोबरच आहे.

पण खरं सांगतो, मलाही घाई नाही.